लेकरू, लंगोट आणि लांबचा रस्ता : कापडी डायपर घेऊन प्रवास कसा करायचा

कापडी डायपर घरी झकास चालतात आणि प्रवासात फसतात, ही तक्रार दर लग्नसराईत कानावर येते. फसण्याची कहाणीही ठरलेली. लंगोट मोजून घेतलेले, बॅग गच्च भरलेली, आणि मुक्कामी पोचल्यावर कळतं की नळाला पाणी परवा येणार. मग ओले लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पलंगाखाली आणि तिसऱ्या दिवशी लेकराच्या जांघा लाल. घरी आल्यावर दोष डायपरच्या माथी. खरी चूक मोजणीत झालेली असते.

आपल्याकडे ऊन कुठेही फुकट मिळतं, पाणी मिळेलच असं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून लंगोट मोजताना प्रवास किती तासांचा हे नंतर पाहा. आधी विचारा, पुढचं धुण्याचं पाणी कधी मिळणार? खालचे सगळे टप्पे या एका प्रश्नाभोवती आहेत. क्रम बदलू नका, कारण बहुतेकांचं गणित पहिले तीन टप्पे गाळल्यामुळेच बिघडतं.

टप्पा १ : कोणतं कापड न्यायचं (पंधरा दिवस आधी)

घरी तुम्ही बहुधा पॉकेट डायपर वापरत असाल : बाहेर टिचबटणांचं कव्हर, आत खिसा, खिशात जाड पॅड. घरासाठी उत्तम. प्रवासात मात्र ते जाड पॅड डोकेदुखी होतं. ते धुवायला पाणी जास्त पितं, आतून लवकर वाळत नाही आणि जागाही फार खातं.

प्रवासाला माझं मत स्पष्ट आहे : कव्हर तेच ठेवा, आत साधं सुती चौकोनी कापड घाला. मऊ मलमल, जुनं धोतर किंवा आजीचं नरम पडलेलं सुती लुगडं, काहीही चालेल. पाऊण मीटरच्या आसपासचा चौकोन कापा आणि कडा शिवून घ्या. दोनदा दुमडलं की चार पदरी लहान चौकोन होतो. त्याच्या तीन पट्ट्या एकावर एक घेतल्या की बारा पदरी लांबट पॅड तयार. हेच कापड उघडलं की एकपदरी होतं, म्हणून अर्ध्या बादलीत निघतं आणि उन्हाळ्यात तासाभरात खडखडीत वाळतं. बारा पदरांचं शोषण आणि एका पदराचं वाळणं हा सौदा जाड पॅडला जमत नाही.

माझ्या आजेसासूबाईंनी हा सगळा खटाटोप बघून विचारलं होतं, "अगं, हे तर आमचं बाळुतंच की! वरून नुसती बटणं लावली व्हय?" बरोबरच होतं त्यांचं.

रात्रीसाठी दोन-तीन जाड पॅड वेगळे घ्या. त्यांना पर्याय नाही.

सावध : मायक्रोफायबरचं, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचं पॅड थेट कातडीला लावू नका. ते कातडीचा ओलावाही ओढून घेतं आणि चट्टे उठतात. ते खिशातच राहू द्या, नाहीतर वर सुती कापडाचा पदर घ्या.

टप्पा २ : कापड तयार करा, मग परीक्षा घ्या

नवं सुती कापड पहिल्या दिवसापासून पाणी पीत नाही. त्यात खळ असते. चार-पाच वेळा धुऊन वाळवल्यावरच ते नीट शोषायला लागतं. प्रवासाच्या आदल्या दिवशी आणलेले कोरे लंगोट बॅगेत घालणं म्हणजे गळती सोबत नेणं. रंगीत लुगडं असेल तर रंग जातोय का तेही याच वेळी कळतं. रंग जाणारं कापड नकोच.

दोन गोष्टी कापडाचं शोषण मारतात : कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव आणि तेलकट मलम. त्यांचा थर धाग्यांवर बसतो आणि पाणी वरूनच ओघळतं. मालिश करून लगेच डायपर बांधायची सवय असेल तर जांघांतलं तेल आधी पुसून घ्या.

तपासा : घडी केलेल्या पॅडवर अर्धी वाटी पाणी ओता. पाणी लगेच आत गेलं पाहिजे. थेंब मोत्यांसारखे वर थांबले तर ते कापड अजून तयार नाही, किंवा त्यात साबण-तेल साचलं आहे. साबण न घालता दोन-तीन पाण्यांतून काढा आणि पुन्हा परीक्षा घ्या.

दुसरी परीक्षा घरातच, एखाद्या रविवारी. सकाळी सहा ते दुपारी दोन, प्रवासात आहोत असं समजायचं. मोरीत जायचं नाही, कपाट उघडायचं नाही, फक्त भरलेल्या पिशवीतून काम चालवायचं. काय विसरलं ते त्या आठ तासांत कळतं.

टप्पा ३ : आधी फोन, मग मोजणी

ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून तीन प्रश्न विचारा. संकोच करू नका, पाण्याचं कुणी मनाला लावून घेत नाही.

नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं? धुण्याला कोणतं पाणी वापरता : नळाचं, टँकरचं की बोअरचं? वाळत घालायला गच्ची, माळवद किंवा मोकळी दोरी आहे का?

लॉज किंवा भक्तनिवास असेल तर धुणं धुऊ देतात का, एवढं विचारलं तरी पुरे. बऱ्याच ठिकाणी खोलीत दोरी बांधलेली चालत नाही.

आता हिशेब. तीन महिन्यांच्या आतलं लेकरू दीड-दोन तासांनी बदलावं लागतं, सहा महिन्यांपर्यंतचं साधारण दोन-अडीच तासांनी, त्यापुढचं अडीच-तीन तासांनी. शी केली की त्याच क्षणी, घड्याळ न बघता.

उदाहरण घ्या. आठ महिन्यांच्या लेकराचं जावळ तुळजापूरला आहे. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी सहाला निघायचं, बीड, येरमाळा, धाराशिव करत दुपारी पोचायचं, एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत घरी.

मुक्कामी धुणं जमणार नसेल तर : पहिला दिवस सहा, रात्र दोन, दुसरा दिवस सहा. शीचे दोन जादा, वाट लांबली तर दोन जादा. झाले अठरा.

मुक्कामी संध्याकाळी दोन बादल्या पाणी मिळणार असेल तर : पहिला दिवस सहा, रात्र दोन, सकाळी धुतलेले हाती येईपर्यंत दोन, वरचे दोन. बारा पुरतात.

प्रवास तोच, लेकरू तेच. फक्त पाण्याच्या उत्तरावर सहा लंगोटांचा फरक पडतो. अठरा ऐकायला फार वाटतात, पण मलमलीचे असतील तर उशीच्या एका खोळीत मावतात.

कव्हरं इतकी लागत नाहीत. नुसती शू असेल तर कव्हर आतून पुसून, थोडं वारं लागू देऊन पुन्हा चालतं. दोन कव्हरं आलटून पालटून वापरायची. शी लागली की ते बाद. एका दिवसाला तीन, दोन दिवसांना पाच पुरे.

आणि हो, तयार फेकण्याचे डायपर चार सोबत ठेवाच. गाडी बंद पडते, लेकराचं पोट बिघडतं. त्यात कसलाही पराभव नाही.

टप्पा ४ : दोन बॅगा, तीन पिशव्या

मोठ्या बॅगेत सगळा साठा. हाताशी लहान बॅग, तिच्यात वाटेपुरतं. घड्या घरीच घाला आणि प्रत्येक कव्हरात एक घडी बसवून गुंडाळी करा. हलत्या बसमध्ये बारा पदरी घडी घालायला तिसरा हात लागतो.

लहान बॅगेत वरच्या कप्प्यात एक पूर्ण संच : गुंडाळी, पुसायची दोन मऊ फडकी, लहान बाटलीत पाणी, खाली अंथरायला मेणकापड. एक संच संपला की दुसरा वर. झोपलेल्या लेकराला एका हातानं धरून बॅगेचा तळ ढवळायची वेळ येऊ नये.

ओल्यासाठी चेनच्या, पाणी न झिरपणाऱ्या तीन पिशव्या : एक शूच्या लंगोटांना, एक शीच्या, एक लेकराच्या भिजलेल्या कपड्यांना. शू आणि शी एकत्र टाकलं की मुक्कामी सगळंच शीचं धुणं होऊन बसतं आणि पाणी दुप्पट लागतं.

सावध : एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत ओली पिशवी ठेवून जेवायला उतरू नका. शूचा उग्र वास त्या उष्णतेत झपाट्यानं चढतो आणि कापडात मुरतो. उन्हाळ्यात ओलं कापड चोवीस तासांपलीकडे साठवायचं नाही. एरवीही दोन दिवस ही हद्द.

टप्पा ५ : निघताना बांधायची रीत

वाटेतली निम्मी गळती इथे ठरते. गाडी येण्याआधी दहा मिनिटं नवा लंगोट बांधा आणि हे बघा.

मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, मांडीवर खाली नव्हे. पोटावर दोन बोटं जातील इतकं सैल, मांडीशी मात्र फट नको. मुलगा असेल तर शूची जागा खाली वळवून मगच बटणं लावा, नाहीतर पोटावरून झबलं भिजतं. मुलाला घडी पुढून जाड ठेवा, मुलीला मधोमध.

सगळ्यात महत्त्वाचं : आतल्या कापडाचं टोक कव्हराच्या बाहेर कुठेही डोकावू नये. वातीतून तेल चढावं तशी शू त्या टोकातून कपड्यात चढते. "डायपर गळतं" म्हणून आलेल्या दहांपैकी निदान चार तक्रारींत मी हे टोकच बाहेर पाहिलं आहे.

तपासा : कमरेभोवती आणि दोन्ही मांड्यांभोवती बोट फिरवा. बोटाला सुती कापड लागलं तर आत ढकला.

वरून घट्ट कपडे घालू नका. घट्ट चड्डीनं पॅड दाबलं जातं आणि शोषलेलं पुन्हा बाहेर येतं. कडेवर किंवा झोळीत तासन्‌तास घेतलं तरी हेच होतं, म्हणून कडेवरचं लेकरू थोडं लवकर बदला.

टप्पा ६ : वाटेत बदलणं

एसटी : चालत्या बसमध्ये बदलायला जाऊ नका. बीड, परभणी, लातूरसारख्या मोठ्या थांब्यावर गाडी थांबते तेव्हा वाहकाला सांगून उतरा. बसस्थानकावर हिरकणी कक्ष (लेकराला अंगावर पाजायची खोली) असेल तर तिथे आडोसा मिळतो. कुलूप दिसलं तर चौकशी खिडकीवर किल्ली विचारा. लंगोट अजून अर्धाच ओला आहे म्हणून मोठा थांबा सोडू नका. पुढचा थांबा फाट्यावरचा असतो, तिथे फक्त पानटपरी.

रेल्वे : सगळ्यात सोपं. खालचा बर्थ मागून घ्या, मेणकापड अंथरा, काम झालं. रात्रीच्या गाडीला, समजा मुंबईहून देवगिरीनं नांदेडला, बसल्या बसल्या एक बदल करा, मग रात्रीचं जाड पॅड घाला, मध्ये एकदा बघा आणि उतरण्याआधी पुन्हा एक बदल. स्टेशनवर उतरून बदलायचं ठरवलं की घ्यायला आलेल्या मंडळींच्या गराड्यात ते राहूनच जातं.

स्वतःची गाडी : दर दोन तासांनी थांबा. बाबा चालवत असतील तर बदलायचं काम त्यांना द्या; पाय मोकळे होतात आणि शिकणंही होतं.

काळी-पिवळी जीप : दाटीवाटीत काहीच जमत नाही. बसण्याआधी बदला, उतरल्यावर बदला, मधे देवाचं नाव.

बदलताना क्रम एकच : मेणकापड, नवी गुंडाळी उघडून बाजूला, मग जुना सोडायचा. पुढून मागे पुसा, ओलं फडकं आधी, कोरडं नंतर. अर्धा मिनिट कातडीला वारं लागू द्या. जुना लंगोट पिशवीत, चेन बंद, मग हात साबणानं.

सावध : उन्हाळ्यात लंगोट किती ओला आहे याकडेही लक्ष ठेवा. सहा तास लेकरानं शू केली नाही, तोंड सुकलं, लेकरू मलूल झालं तर प्रवास थांबवून डॉक्टर गाठा. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला उन्हात वरचं पाणी पाजायचं नसतं. पुन्हा पुन्हा अंगावर पाजा.

टप्पा ७ : शीचं काय करायचं

फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या लेकराची शी पाण्यात विरघळते, पहिल्या पाण्यात निघून जाते. वरचं खाणं सुरू झालं की ती आधी शौचालयात झटकावी लागते. आत पातळ सुती फडकं घातलं असेल तर नुसतं तेवढंच झटकलं की झालं. वाटेत झटकायला जागा नसेल तर लंगोट आतल्या बाजूला गुंडाळून शीच्या पिशवीत ठेवा, मुक्कामी बघा.

रेल्वेच्या बेसिनमध्ये, स्टेशनवरच्या पिण्याच्या नळाखाली, हापशाच्या ओट्यावर, आडाजवळ, गोदावरीच्या घाटावर किंवा तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थात लंगोट खळबळायचा नाही. हे लिहावं लागतं, कारण मी पाहिलं आहे. पाणी बादलीत घ्या आणि लांब जाऊन धुवा.

टप्पा ८ : मुक्कामी धुणं, दोन-अडीच बादल्यांत

पोचल्याबरोबर धुवा. "जेवून धुते" म्हटलं की गप्पा रंगतात आणि ऊन जातं. यजमानांच्या धुण्यात मिसळू नका. एक टब वेगळा मागून घ्या.

आठ-दहा मलमली लंगोटांसाठी :

१. अर्धी बादली गार पाणी. आधी शूचे खळबळा, मग त्याच पाण्यात शीचे. हे पाणी शौचालयात ओता. गरम पाण्यानं सुरुवात करू नका, डाग पक्का होतो.

२. पुन्हा अर्धी बादली, त्यात एक मोठा चमचा धुण्याची पावडर. वीस मिनिटं भिजवा, मग चोळा. डागांवर साबणाची वडी.

३. अर्ध्या-अर्ध्या बादलीची दोन-तीन स्वच्छ पाणी. शेवटचं पाणी फेकू नका. उद्याच्या पहिल्या खळबळीला ठेवा.

तपासा : शेवटच्या पाण्यात लंगोट दाबल्यावर फेस आला तर साबण राहिला आहे. राहिलेला साबण आणि शू एकत्र आले की कातडीची आग होते.

आता बोअरचं पाणी. एका लग्नात मी चार दिवस बोअरच्याच पाण्यात धुतलं. साबणाला फेस येईना म्हणून पावडर वाढवत गेले, ती निघेना. चौथ्या दिवशी पॅड उडदाच्या पापडासारखे ताठ. परतीच्या बसमध्ये दोन तासांत माझी साडी भिजली, मागच्या सीटवरच्या मावशींनी पिशवी उचलून वर घेतली. कापडात क्षार आणि साबण दोन्ही बसले होते.

बादलीच्या कडेला पांढरा थर दिसला, फेस येत नाही असं वाटलं तर पाणी जड आहे. भिजवताना पावडरीबरोबर अर्धा चमचा धुण्याचा सोडा घाला, म्हणजे पावडर कामाला लागते. पहिली दोन पाणी बोअरची चालतील. शेवटचं एक पाणी मात्र नळाचं किंवा साठवलेलं गोडं मागा, अर्धी बादली पुरते. तेवढंही नसेल तर दोन दिवसांपलीकडे तिथे धुऊ नका, लंगोट जास्त न्या. सोड्याचा हात कव्हरांना लावू नका.

कव्हरं वेगळी, गार किंवा कोमट पाण्यात, ब्रश न घासता. पिळू नका, दाबून पाणी काढा. पिळल्यानं आतला पाणी अडवणारा थर तडकतो आणि उकळत्या पाण्यात तो सुटतो.

टप्पा ९ : वाळवणं

लंगोट कडक उन्हात, घडी पूर्ण उघडून. पिवळे डाग ओलेपणीच उन्हात ठेवले की ते ऊनच खाऊन टाकतं. कव्हरं सावलीत, नाहीतर इलॅस्टिक सैल पडतं.

शेताच्या बांधावर, बोरी-बाभळीच्या कुंपणावर वाळत घालू नका. काटा, कुसळ आत राहतं आणि लेकरू का रडतंय ते कुणाला कळत नाही. मे महिन्यातल्या वावटळीत लंगोट शेजारच्या गोठ्यात जातात, म्हणून चिमटे घरून न्या. काढताना प्रत्येक कापड झटका, दोन्ही बाजूंनी हात फिरवा. पावसाळ्यात केसाळ अळी बसलेली असते.

पावसाळ्यात वाळणं रखडतं. कोरड्या टॉवेलात लंगोट गुंडाळून दाबा, मग रात्रभर पंख्याखाली. सकाळी दमट लागला तर सुती कापडावर इस्त्री फिरवा, कव्हरावर नाही. दमट लंगोट बॅगेत घालण्यापेक्षा त्या दिवशी फेकण्याचा डायपर वापरलेला बरा. दमटपणात बुरशी धरते. जांघेच्या घड्यांत लाल चट्टा आणि भोवती बारीक पुरळ दिसलं तर घरगुती मलमांत दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

टप्पा १० : घरी पोचल्यावर

बॅग कोपऱ्यात टाकून झोपायचा मोह होतो. आधी तिन्ही ओल्या पिशव्या उलट्या करून बादलीवर टांगा आणि लंगोट एका पाण्यातून काढून ठेवा. बाकी धुणं उद्या. दुसऱ्या दिवशी प्रवासातलं प्रत्येक कापड, न वापरलेलंसुद्धा, एकदा पूर्ण धुवा आणि अर्ध्या वाटीची परीक्षा पुन्हा घ्या. जे नापास होतील त्यांना आणखी दोन-तीन साध्या पाण्यांतून काढा. तरीही थेंब वर थांबत असेल तर ते कापड पुसायच्या फडक्यांत टाका आणि पुढच्या मोजणीत धरू नका.